शिरा बारीक, की जीव स्वस्त?

आठवड्यातून दोनदा ती चंदगडकडून पहाटेच्या एस.टी.नं कोल्हापूरला डायलिसिसला यायची. वय चाळीसच्या आत. मानेतल्या मोठ्या शिरेत तात्पुरती नळी, म्हणजे कॅथेटर, बसवलेली. ‘हातात फिश्चुला करून घ्या,’ असं डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. नवरा म्हणाला, ‘सुगी होऊ दे.’ सुगी झाली, मग दिराचं लग्न आलं. ‘तात्पुरती’ नळी बदलत बदलत सात महिने मानेतच राहिली. पुढं मशीन सुरू झालं की तासाभरात तिला हुडहुडी भरू लागली. ‘मशीनची थंडी आहे,’ म्हणून घरच्यांनी गोधडी आणून दिली. रक्त तपासलं तिसऱ्या वेळी. तोवर जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचले होते. ती परत घरी गेली नाही.

तिचे योजनेचे कागद मीच भरले होते. रेशनकार्ड पाहिलं, शिक्के पाहिले. नळीला किती महिने झाले, हे मात्र मी कधी विचारलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

फिश्चुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर छोट्या शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडणं. ही पद्धत 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. जोडलेली शीर सुईसाठी तयार व्हायला साधारण सहा आठवडे ते तीन महिने लागतात. वर कातडीचं पांघरूण असतं, त्यामुळे जंतूंना सहज वाट मिळत नाही. मानेतली नळी म्हणजे थेट रक्तात उघडणारं दार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2023 मध्ये मांडलेल्या माहितीनुसार, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा रक्तात संसर्ग होण्याचा धोका फिश्चुलापेक्षा नळीत सहापट आहे.

मग नळी इतके दिवस का राहते? पहिलं उत्तर मिळतं, ‘बायकांच्या शिरा बारीक असतात.’ असतात, मान्य. पण मग तिची तपासणी आधी व्हायला हवी, सोनोग्राफीनं शिरा बघून ठेवायला हव्यात, सलाईनसाठी तिच्या हाताची चाळण करणं थांबायला हवं. बारीक शीर हे लवकर तयारीला लागण्याचं कारण आहे, चालढकल करण्याचं नव्हे.

दुसरं उत्तर, ‘पेशंट स्वच्छता ठेवत नाही.’ नळीची जागा कोरडी ठेवा, असं सांगणं सोपं. पाणी भरणं, जनावरं, चूल यातून तिला सुट्टी कुणी दिली? आणि नळीचं तोंड उघडताना हात धुणं, मास्क लावणं, ते तोंड जंतुनाशकानं घासणं, ही कामं पेशंटची नाहीत, केंद्राची आहेत. इथं नर्सबाईंना दोष देऊन भागणार नाही. एकीनं किती मशीनं सांभाळायची, हे ती ठरवत नाही.

तिसरं उत्तर, ‘आता सगळं फुकट आहे.’ राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये जाहीर झाला, महात्मा फुले योजनेतही डायलिसिस आहे. हे मिळालं ते चांगलंच झालं. पण बुडालेली मजुरी आणि सोबतीला येणाऱ्याचा खाडा कुठल्या योजनेत बसतो? घरात पैसा आणि वेळ कुणासाठी निघतो, हे आकडेच सांगतात. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 अवयव प्रत्यारोपणं झाली. अवयव मिळालेले पुरुष 29,695, स्त्रिया 6,945. जिथं अवयवाचं हे, तिथं हातावरच्या छोट्या शस्त्रक्रियेला सुगीनंतरची तारीख मिळाली तर नवल काय?

सहीचंही तेच. ‘मालकांना घेऊन या,’ असं बाईला आजही सांगितलं जातं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमतीच महत्त्वाची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे. तिची सही पुरेशी आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. मूत्रपिंडाचा आजार वाढतो आहे हे कळताच, डायलिसिसची वेळ येण्याआधी, फिश्चुलाची तारीख मिळावी. नळी घातल्याचा दिवस केसपेपरवर ठळक लिहावा. किती जणांना नळी, किती जणांना फिश्चुला, किती जणांना संसर्ग, याची बायका-पुरुष अशी वेगळी नोंद प्रत्येक केंद्रानं भिंतीवर लावावी. थंडीताप आला तर अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यावं, आणि मग उपचाराला उशीर करू नये.

आणि मैत्रिणींनो, काही काम आपलंही आहे. आपल्या गटात, गल्लीत कुणी डायलिसिसवर असेल तर तिच्या घरी जा. फिश्चुलाच्या हातात घट्ट बांगड्या नकोत, त्या हातानं घागर उचलायची नाही, त्यावर बी.पी. मोजू द्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगा. थंडी वाजली, नळीपाशी लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि मी जे विचारलं नाही, ते आधी विचारा: ‘बाई, नळीला किती दिवस झाले?’