उत्तर देणाऱ्याचा धर्म

छंदी मंडळींत शिष्टाचाराची गोष्ट निघाली म्हणजे प्रश्न कसा विचारावा, याचीच चर्चा फार होते. उत्तर कसे द्यावे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते अधिक जबाबदारी उत्तर देणाऱ्याचीच असते. विचारणारा आपले अज्ञान जाणून आलेला असतो. चुकीचे उत्तर घेऊन गेला म्हणजे तेच अज्ञान तो ज्ञान समजून चार ठिकाणी वाटतो.

आमचे डिंगोरे गाव जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाच्या वाटेवर आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिम कड्यावर नाणेघाट. किल्ले, लेणी व शिलालेख पाहण्याचा छंद असलेली पुष्कळ मंडळी तेथे जातात. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण पाहून एखादा नवखा विचारतो, ‘हा कशासाठी?’ सोबतचा जाणता तत्काळ सांगतो, ‘सातवाहनांच्या काळी यात जकातीची नाणी टाकीत.’ या उत्तरास ‘असे लोक सांगतात’ हे तीन शब्द जोडणे अवश्य आहे. तेथील गुहेतील ब्राह्मी लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात यज्ञांचे व दक्षिणांचे वर्णन आहे, जकातीचे नाही. राजपरिवाराच्या मूर्तींविषयीही तेच. मूर्ती भग्न झाल्या, वरची नावे तेवढी उरली. तेव्हा राणी नागनिका कशी दिसे, असे एखाद्या मुलीने विचारल्यास कल्पनेची चित्रे रंगवू नयेत. तिला नाव दाखवावे व मूर्ती उरली नाही, हे सांगावे. पाहिलेले, वाचलेले व ऐकलेले यांची सरमिसळ न करणे, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम प्रश्नोपनिषदात सापडतो. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे आले असता, आपणांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे ऋषी म्हणाले. एवढ्या अधिकारी पुरुषानेही ‘तर’ सोडला नाही! त्या सहांतील सुकेशाला पूर्वी कोसलच्या राजपुत्राने सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारले होते. सुकेशाने आपले अज्ञान स्पष्ट सांगितले आणि राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. परंतु सुकेशाने तो प्रश्न टाकून दिला नाही. तोच त्याने पिप्पलादांपुढे ठेवला. ‘ठाऊक नाही’ म्हणून मोकळे होणे अर्धेच काम. प्रश्न जाणत्यापर्यंत पोहोचविला म्हणजे ते पुरे होते.

तिसरा नियम वाणीचा. ‘एवढेही ठाऊक नाही?’ या एका वाक्याने पोर कायमचे गप्प बसते. पुढे ते चुकत नाही, पण शिकतही नाही. शंभरदा ऐकलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या मुखी पहिलाच असतो, हे आम्हां वडीलधाऱ्यांनी विसरू नये. दुसऱ्याच्या उत्तरातील चूक दाखवावयाची झाल्यास आधार पुढे करावा, माणसाची टवाळी करू नये.

वाचकहो, आज घरात एखादे मूल काही विचारील. हातातले काम क्षणभर बाजूस ठेवून, ठाऊक असेल तेवढेच सांगा; उरलेले त्याच्यासह शोधा.