कोणती मागणी कोणत्या दारात? अधिवेशनाआधी थोडं बोलू



सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे, हरभरा पेरून झालाय. आणि परळी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघून गेलेत. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. म्हणून आज फवारणीचं बाजूला ठेवून कायद्यावर लिहितोय.

शेजारच्या अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचं किसानपुत्र आंदोलन तुम्हाला माहीत असेलच. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला कुटुंबासह जीवन संपवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून दर १९ मार्चला हे लोक उपवास करतात. त्यांची मागणी तीन कायदे रद्द करा अशी आहे: कमाल जमीनधारणा म्हणजे सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण. अनुदान मागत बसण्यापेक्षा कायद्यावर बोट ठेवायचं, ही त्यांची रीत मला पटते. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. कोणती मागणी कोणत्या दारात न्यायची, अन् पहिली कोणती?

आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा, संसदेचा. डिसेंबर २०२१ मध्ये सोयापेंडीवर साठ्याची मर्यादा लागली ती दिल्लीतून. त्यासाठी आमदाराला धरून उपयोग नाही, खासदाराला धरा. भूसंपादनाचा २०१३ चा कायदाही केंद्राचाच. सीलिंगचा १९६१ चा कायदा मात्र आपल्या विधानसभेचा आहे. तो राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात आहे म्हणून कुणाला हात लावता येत नाही, असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. परिशिष्टामुळे त्याला कोर्टात आव्हान देणं अवघड होतं, पण ज्या विधिमंडळानं कायदा केला त्याला तो बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार घटनेच्या ३१ ब मध्येच शाबूत ठेवलाय.

मग सीलिंग पहिल्या नंबरला घ्यायचं का? कोरडवाहूला मर्यादा ५४ एकर आहे. आमच्याकडं गोष्ट चालते दोन-चार एकरांची. सीलिंगमुळे शेतीत भांडवल येत नाही हा मुद्दा चर्चेचा आहे, चर्चा व्हावी. पण सीलिंग उद्या उठलं तरी दोन एकरवाला पुढच्या दसऱ्यालाही कोयता घेऊन निघणारच. म्हणून बीड जिल्ह्यापुरतं तरी माझ्या यादीत पहिलं नाव ऊसतोड कामगारांच्या कायद्याचं आहे.

कृषी अधिकारी मित्रांनो, हा शेतीचाच प्रश्न आहे बरं का. तुरीवर घाटेअळी येते तेव्हा शेताचा मालक दुसऱ्याच्या फडात असतो. घरी म्हातारी माणसं. कामगंध सापळ्यात पतंग किती पडले ते कोण मोजणार? आपण सल्ला पाठवतो, तो वाचणारा माणूस कोपीत असतो.

आता कुणी म्हणेल, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे की. आहे, चांगलं आहे. पण ते शासन निर्णयातून उभं राहिलंय. शासन निर्णय नव्या निर्णयानं बदलतो. कायदा असला की कामगाराला हक्क म्हणून दाद मागता येते. आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा कायदा झाला तो राज्याबाहेर कामाला नेलेल्यांसाठी. बेळगावला गेलेला त्यात बसायचा, सांगलीला गेलेला नाही.

हे आपल्या राज्यात अशक्य आहे असंही नाही. माथाडी-हमालांचा कायदा १९६९ ला महाराष्ट्रानंच केला. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, मजुरी मंडळामार्फत. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला इथंच झाला. त्यामागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते. दिल्लीनं तसा कायदा केला २००५ ला.

आणि विधिमंडळानं लक्ष घातलं की काय बाहेर येतं तेही पाहिलंय. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचा आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. हा आकडा वाचून नुसतं हळहळून भागणार नाही.

कायद्यात माझ्या मते इतकं तरी हवं:

१. प्रत्येक तोडकऱ्याची नोंद, नवरा-बायकोची वेगवेगळी. 'एक कोयता' म्हणून दोघांना एक धरू नये.
२. उचल आणि मजुरीचा हिशोब लेखी, पैसे खात्यावर.
३. मुकादमाची नोंदणी, आणि मुख्य जबाबदारी कारखान्याची. 'तो मुकादमाचा माणूस' ही पळवाट बंद.
४. अपघात विमा, फडावर पाणी-संडास, आणि आजारपणात खाडा कापायचा नाही.

ऊस उत्पादक भाऊ लगेच विचारतील, याचा खर्च कुणावर? प्रश्न रास्त आहे. तोडणी-वाहतूक आपल्या एफआरपीतूनच कापली जाते. म्हणून कायद्यातच लिहून घ्यावं लागेल की या सोयींचा खर्च तोडणी-वाहतुकीच्या कपातीत धरायचा नाही. नाहीतर कोरडवाहूवाला आणि ऊसवाला एकमेकांशी भांडतील अन् कारखाना बघत बसेल.

आता करायचं काय? हिवाळी अधिवेशनात आमदारांकडून तारांकित प्रश्न, लक्षवेधी एवढं होऊ शकतं, तेवढं मागूया. मोठं काम पावसाळी अधिवेशनासाठी धरायचं: अशासकीय विधेयक, किंवा आमदारामार्फत विनंती अर्ज. त्याला गावांच्या ठरावाचं बळ लागतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव घेऊ नका. ज्यांच्यासाठी घ्यायचा ते तेव्हा फडात असतात. १ मेच्या ग्रामसभेला बहुतेक माणसं परत आलेली असतात. बायांनाही बोलवा, कोपीत काय होतं ते त्याच नीट सांगतील. चार कलमांत काय कमी-जास्त करायचं ते त्यांच्या तोंडून ऐकून मगच सह्या घ्या.

तुमच्या तालुक्यात पहिली मागणी कोणती असावी, खाली लिहा. सीलिंगवाल्यांनीही लिहा, भांडू पण नीट भांडू. उद्या तुरीवरच्या अळीची नोंद टाकतो.