जाब कोणास विचारावा?

सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची मुदत २०२३ च्या ऑगस्टात संपली. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते २०२६ च्या जानेवारीत. साताऱ्याच्या नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली होती. तेथील मतदारांनाही २०२५ च्या डिसेंबरापर्यंत थांबावे लागले. मधली वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी, अशी राज्यघटनेची आज्ञा आहे. आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळला हे खरे. तथापि निवडणुका घेण्यासाठी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागावा, ही गोष्ट राज्यास भूषणावह नव्हे.

प्रशासकांच्या काळातही नळास पाणी आले, कचरा उचलला गेला. मग बिघडले काय, असे विचारणारे सुशिक्षित पुष्कळ आहेत. त्यांनी कृष्णेकडे पाहावे. शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते, ही सांगलीची जुनी व्यथा. ते धुळगावकडे वळविण्याची योजना झाली, तरी तक्रार संपली नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराचे पाणी शहरात शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. पुराच्या पट्ट्यात घरे बांधू कोणी दिली, नाले कोणी अरुंद होऊ दिले, हे प्रश्न अर्जविनंतीने सुटत नाहीत. ते भर सभेत विचारावे लागतात आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावी लागतात. प्रशासकाच्या कारभारात नेमकी ही सभाच नसते.

तथापि सभागृह परत आले म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे दिला आहे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौर सभा चालवितात, स्थायी समिती खर्च मंजूर करते. काम रखडले की नगरसेवक आयुक्तांकडे बोट दाखवितात, आयुक्त निधीकडे, आणि निधीची वाट मुंबईकडे जाते. या फेऱ्यात नागरिक मात्र दारोदार हिंडतो.

हा कायदा बदलावा, असे आमचे मत आहे. तोवर नगरसेवकांच्या हाती अंदाजपत्रक आणि प्रश्न ही दोन साधने आहेत. त्यांचा उपयोग ते गटबाजीसाठी करतात की शेरीनाल्यासाठी, यावर मतदारांनी पाच वर्षे लक्ष ठेवावे. मत देऊन घरी बसणाऱ्या नागरिकास प्रशासक काय आणि नगरसेवक काय, दोन्ही सारखेच!