परंपरा कुणाची, गुडघा कुणाचा?

आमच्या महाविद्यालयांना खेळाची परंपरा नाही, अशी तक्रार सुशिक्षित वर्तुळांत अधूनमधून कानी पडते. तक्रारकर्त्याच्या नजरेपुढे बहुधा अमेरिकेतला विद्यापीठीय फुटबॉल असतो: मिशिगनचे लाखाहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम, वाद्यवृंद, ठरलेले रंग, पिढीजात वैर. हे आपल्याकडे कधी येणार, असा सुस्कारा टाकून तो शनिवार-रविवार काशीदच्या पांढऱ्या वाळूवर घालवायला निघतो. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या त्या पट्ट्यात कबड्डी कशी रुजली आहे, हे मात्र त्याच्या गावीही नसते.

आमचा आक्षेप दुहेरी आहे.

पहिला असा, की परंपरा नाही हे खरे नाही. ती महाविद्यालयाच्या मालकीची नाही, इतकेच. रायगडातला कबड्डीपटू घडतो तो वाडीतल्या मंडळात. पावसाळा सरला की माती भिजवायची, चोपायची, फक्कीने रेषा आखायच्या, वर्गणी काढायची, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने भरवायचे. चढाई कुणाची पाहावी आणि पकड कुणाची, हे पोरांना थोरल्यांकडून कळते. कोल्हापुरातही हेच दिसते. तिथल्या फुटबॉल संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. पेठेने आणि तालमीने परका खेळ आपला केला, त्यासाठी कुलगुरूंच्या परिपत्रकाची वाट पाहिली नाही. बर्लिनला 1936 साली ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या देशी खेळांचे दर्शन घडवले, तेही अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. कोणत्या विद्यापीठाने नव्हे.

महाविद्यालय या साखळीत येते ते शेवटी. तयार खेळाडू प्रवेश घेतो, आंतरमहाविद्यालयीन सामने खेळतो, ढाल प्राचार्यांच्या दालनात जाते आणि वार्षिक अहवालात ‘उज्ज्वल परंपरा’ असे दोन शब्द छापले जातात. पीक वाडीचे, कोठार मात्र महाविद्यालयाचे!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या अमेरिकी परंपरेचा हेवा केला जातो, तिचा हिशेब कुणी वाचला आहे काय? रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातल्या 1869 च्या सामन्यापासून ती मोजली जाते. खेळताना इतकी मुले दगावत होती, की 1905 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली. पुढे 1950 च्या दशकात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द रूढ करण्यात आला. जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये, हा त्यामागचा हेतू होता, याची कबुली तिथल्या संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच 1995 साली आपल्या पुस्तकात दिली. शब्द शिक्षणाचा, कारण विम्याचे! 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेला चपराक दिली आणि 2025 च्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. दीडशे वर्षांच्या वाद्यवृंदानंतर!

आपण त्यांचे रंग आणि ढोल आणले नाहीत. तो शब्द मात्र न बोलता आणला. कबड्डीत गुडघा जातो. पकडीत पाय अडकतो, अंग एकीकडे आणि सांधा दुसरीकडे वळतो, अस्थिबंध तुटतो. 2014 साली प्रो कबड्डी आल्यापासून मॅटचा बोलबाला आहे. मातीवर वाढलेल्या पायाला तिथे बुटांसह नव्याने उभे राहायला शिकावे लागते. असा गुडघा महाविद्यालयाच्या गणवेशात गेला, तर शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: बापाचा, आणि मग मंडळाच्या वर्गणीचा.

यावर म्हटले जाते, की खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. आहे ना! पण ते पदक आणणाऱ्यासाठी. ज्याचा गुडघा पदकाआधीच गेला, त्याच्यासाठी काय? विजेत्याला बक्षीस देणे आणि खेळणाऱ्याची जबाबदारी घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली उदारता आहे; दुसरे कर्तव्य.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. महाविद्यालयाच्या नावाने मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा महाविद्यालयाने उतरवावा. दुखापतीनंतरच्या उपचाराची लेखी हमी द्यावी. आणि अहवालात ढालीच्या छायाचित्राखाली खेळाडूच्या नावासोबत त्याच्या मंडळाचे आणि गावाचे नाव छापावे. यांतले शेवटचे तर फुकट होण्यासारखे आहे.

परंपरा म्हणजे मिरवण्याची वस्तू नव्हे. ते पिढ्यांनी एकमेकांचे मानलेले देणे असते. वाडी आपले देणे फेडत आली आहे. ढाल ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी आता आपली खातेवही उघडावी.