पोट कापायला विमा आहे, श्वासाला का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

27 सप्टेंबर 2019 रोजी आपण आरोग्य विम्यातल्या वगळणुकी एकसारख्या करण्याच्या सूचना काढल्यात. त्यातला कोड 06 कृपया पुन्हा वाचा. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च एरवी मिळत नाही. पण बीएमआय 35 किंवा जास्त असेल, वजन उतरवण्याचे सौम्य उपाय फसले असतील आणि जोडीला ठरावीक चार आजारांपैकी एखादा असेल, तर ती वगळणूक लागू होत नाही. त्या चारांत हृदयधमन्यांचा विकार आहे, आटोक्यात न येणारा मधुमेह आहे आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाही आहे. झोपेत श्वास बंद पडणं हे जठर कापून घेण्याइतकं गंभीर आहे, हे तुमच्याच कागदावर मान्य आहे. मग त्याच आजारावरचं, मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घरी न्यायचं म्हटलं की विमा हात वर का करतो?

मी डोंबिवलीत राहतो. मला हाच आजार आहे. रात्रीच्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीत, माझा एएचआय 42 निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 42 वेळा माझा श्वास थांबतो किंवा अडखळतो, दर वेळी निदान दहा सेकंद. 30 च्या पुढे आजार तीव्र समजतात. तपासणीच्या रात्री रक्तातला ऑक्सिजन 71 टक्क्यांवर उतरला होता. बीएमआय मात्र 27, त्यामुळे कोड 06 माझ्या कामाचा नाही. घसा अरुंद किंवा जबडा मागे असला तर बारीक माणसालाही हा आजार होतो.

स्लीप स्टडीचा क्लेम आधी फेटाळला. कारण कोड 04: केवळ निदानासाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. शिवाय रुग्णालयात दाखल असण्याचे चोवीस तास भरले नाहीत. रात्री नऊला ठाण्याच्या रुग्णालयात जायचं, डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून झोपायचं आणि सकाळी सहाला घरी, अशीच ही तपासणी असते. झोपेचा आजार तपासायला चोवीस तास कसे भरणार? मग मशीनचा क्लेम फेटाळला. ‘घरी वापरायचं उपकरण.’ तक्रार केली, तेच वाक्य आलं. वरच्या अधिकाऱ्यांना लिहिलं, तेच वाक्य आलं, फक्त खाली सही दुसरी. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण अनेक पॉलिसींमध्ये सीपॅप नाव घेऊन वगळलेलं असतं. रुग्णालयात हेच मशीन लावलं तर रुग्णालयाच्या खर्चांबाबतच्या तुमच्या यादी 4 प्रमाणे ते उपचाराच्या खर्चात धरायचं. रुग्ण घरी गेला की ते उपचार राहत नाही?

आकडे मांडतो. स्लीप स्टडीचे दहा-बारा हजार. ऑटो सीपॅपचे पन्नास हजारांच्या घरात. मास्क चार-पाच हजारांचा, आणि त्याची गादी झिजली की हवा डोळ्यात फुसफुसते, म्हणून तो बदलावा लागतो. फिल्टर वेगळे, ह्युमिडिफायरचं डिस्टिल्ड वॉटर वेगळं. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर मशीन थांबतं आणि मास्कमध्ये गुदमरून जाग येते, म्हणून बॅटरी घेतली, तिचे वीस हजार. एवढं सगळं खिशातून, आणि विम्याचा हप्ता दर वर्षी वेळेवर.

या मशीनची सवय लागायला वेळ लागतो, हेही सांगतो. सुरुवातीला नाकात जोरात वारं शिरतं, घसा कोरडा पडतो, नळीत पाणी साचून गुडगुडतं, सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ असतात. रात्री अडीचला मास्क ओढून फेकून दिला आहे. पत्नीने उचलून पुन्हा बांधला. तिने कित्येक वर्षं माझा श्वास परत सुरू होण्याची वाट बघत रात्री काढल्या आहेत. आता ती झोपते. मी फास्ट लोकलच्या दारात उभा असताना डुलकी लागत नाही. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली.

कल्याणच्या दवाखान्यात एक चालक भेटला. कल्याण-शीळ रोडवर रात्री टँकर चालवतो. गटविमा होता. मशीन त्यात बसत नाही म्हटल्यावर त्याने ‘भाड्याने किती पडेल?’ विचारलं, आकडा ऐकला, चिठ्ठीची बारीक घडी करून खिशात घातली आणि ड्युटीवर गेला. त्याच्या समोरून येणाऱ्या गाड्यांचा विचार कोणी करायचा?

तो एकटा नाही. एम्सच्या डॉक्टरांच्या 2023 च्या विश्लेषणानुसार देशात कामाच्या वयाच्या सुमारे 10 कोटी 40 लाख लोकांना हा आजार असावा, त्यातल्या 4 कोटी 70 लाखांना मध्यम ते तीव्र. 15 फेब्रुवारी 2022 च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं होतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपचा शोधनिबंध 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. चाळीस वर्षांहून जुना उपचार आहे हा, प्रयोग नव्हे. उपचार झाला नाही तर रक्तदाब चढतो, पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मग आयसीयूचे लाखो रुपये हीच कंपनी भरेल. त्याआधीचे पन्नास हजार तिला जड का?

गैरवापर होईल, असं कंपन्या म्हणतील. महोदय, रुग्णाने गोळी गिळली की नाही हे कोणालाच कळत नाही. हे मशीन रोज किती तास चाललं, हवा किती गळली, श्वास किती वेळा थांबला, सगळं कार्डावर नोंदवतं. तीन महिन्यांची नोंद मागा आणि मग पैसे द्या. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून सीपॅपचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत परत देतं. तेच डोंबिवलीच्या पॉलिसीधारकाला नाकारण्याचं वैद्यकीय कारण असेल तर ते जाहीर करा.

स्लीप स्टडीला कोड 04 आणि चोवीस तासांच्या अटीतून सूट द्या. मध्यम आणि तीव्र रुग्णांचं मशीन व दर वर्षीचा एक मास्क मूळ पॉलिसीतच घ्या, जादा हप्त्याच्या रायडरमध्ये नको. हे जमणार नसेल तर तसं कारणांसह लेखी कळवा. कंपनीचं ते एक वाक्य पुन्हा पाठवू नका.

एक पॉलिसीधारक,
डोंबिवली (पूर्व)