‘मृगनयनी’तली लाखी

ऐतिहासिक कादंबरीवरून मालिका निघणार अशी वार्ता आली की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो नायिकेचे काम कोण करणार हा. दुसरा दागदागिन्यांचा. आम्हांस या दोहोंच्या आधी एक वेगळाच प्रश्न पडतो : कादंबरीतले गाळणार काय? एवढ्या मोठ्या ग्रंथातले सगळेच पडद्यावर येत नाही, येऊही नये. परंतु जे गाळले जाते त्यावरून मालिका करणाराने कादंबरी कशी वाचली हे कळते. या महिन्यात हा प्रश्न आम्ही आपल्या ग्वाल्हेरच्याच एका कादंबरीला लावून पाहणार आहोत.

वृंदावनलाल वर्मा यांची ‘मृगनयनी’ १९५० साली प्रसिद्ध झाली. वर्माजींचा जन्म १८८९चा, मऊरानीपूरचा. पेशाने ते झाशीचे वकील. पण शिकारीच्या नादाने बुंदेलखंडातली जंगले आणि गढ्या त्यांनी पायांखाली घातलेल्या. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो ‘झाँसी की रानी’ आणि ‘माधवजी सिंधिया’ यांमुळे, कारण त्या कादंबऱ्या आपल्या माणसांच्या. ‘मृगनयनी’ मात्र आपण येथे येण्याच्या कितीतरी आधीच्या ग्वाल्हेरची आहे. राजा मानसिंह तोमर याचा काळ १४८६ ते १५१६. आणि आपल्या घरांतला ग्वाल्हेरचा इतिहास बहुधा महादजींपासून सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्यांना मृगनयनी कोण असे विचारले तर चंदेरी साड्यांचे दुकान, असे उत्तर मिळते. मध्य प्रदेश शासनाच्या हस्तकला-विक्रीकेंद्रांना तेच नाव असल्यामुळे हे उत्तर चूकही म्हणता येत नाही!

ही कादंबरी एकदा छोट्या पडद्यावर येऊन गेली आहे. १९९१ साली अमोल पालेकर यांनी तिच्यावरून दूरदर्शनसाठी मालिका केली. पल्लवी जोशी मृगनयनी झाल्या होत्या. ते आठवड्याला एक भाग आणि घरोघरी एकच वाहिनी असे दिवस होते. आता आठ-दहा तासांची मालिका एका दमात पाहण्याची सोय झाली आहे, आणि जुन्या कादंबऱ्या पुन्हा हाती घेतल्या जात आहेत. ‘मृगनयनी’ही उद्या कोणी पुन्हा हाती घेईल असे आम्हांस वाटते. घ्यावी, अशी इच्छाही आहे. म्हणूनच हा प्रपंच.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. राई नावाच्या खेड्यात निन्नी ही गुजर मुलगी भाऊ अटल याच्यासह राहते. लाखी ही तिची जिवाभावाची मैत्रीण, जातीने अहीर. दोघीही तीरकमठा चालवण्यात तरबेज. घरात दाणा नसला की रानात जाऊन शिकार आणायची, असे त्यांचे जगणे. निन्नीच्या बळाची आणि रूपाची कीर्ती ग्वाल्हेरला पोहोचते, तशीच मांडूच्या सुलतानापर्यंतही. मानसिंह राईला येतो, तिचे शौर्य डोळ्यांनी पाहतो आणि तिला मागणी घालतो. राईच्या नदीचे पाणी आपल्याला ग्वाल्हेरातही मिळावे, ही निन्नीची अट. राजा ती मान्य करतो आणि तिच्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी स्वतंत्र महाल बांधतो. तोच गुजरी महाल. ती नदी म्हणजे सांक. आणि आज सबंध ग्वाल्हेर शहर त्याच नदीवरच्या तिघरा जलाशयाचे पाणी पिते आहे.

इथपर्यंतची कथा मालिकेला फार सोयीची. खेड्यातली धीट मुलगी, देखणा राजा, एक चमत्कारिक अट आणि शेवटी महाल. परंतु वर्माजींनी कादंबरी इथे संपवली नाही. किंबहुना आमच्या मते तिचा गाभा इथून पुढे आहे.

अटल आणि लाखी यांचे एकमेकांवर प्रेम आहे. तो गुजर, ती अहीर. गावचा पुजारी बोधन हा राजा आणि निन्नी यांचे लग्न लावतो. तोमर राजा आणि गुजर कन्या यांच्या विवाहाला त्याचे शास्त्र आड येत नाही. तोच बोधन अटल-लाखीच्या लग्नाला मात्र नाही म्हणतो. वर्णसंकर होईल, धर्म बुडेल! गाव त्याच्या बाजूचे. राणीच्या सख्ख्या भावाला आणि तिच्या सख्ख्या मैत्रिणीला गाव सोडून नटांच्या टोळीबरोबर वाट धरावी लागते. ही टोळी मांडूच्या सुलतानाची हस्तक आहे, याची त्या दोघांना कल्पना नसते.

वाचकहो, या दोन लग्नांची जोडी नीट ध्यानात घ्यावी. एकाच गावात, एकाच पुजाऱ्याकडून, थोड्याच अंतराने एक लग्न लागते आणि दुसरे मोडते. दोन्हींत जात वेगळी. फरक एवढाच की एका लग्नात नवरदेव राजा आहे. वर्माजी यावर व्याख्यान देत नाहीत. दोन प्रसंग शेजारी ठेवतात आणि पुढे जातात. कादंबरी देश स्वतंत्र झाल्यावर तीनच वर्षांनी आलेली आहे, हेही लक्षात ठेवावे. परकीय स्वाऱ्यांनी आपली दैना झाली असे म्हणण्याची रीत तेव्हाही होती, आजही आहे. वर्माजी स्वाऱ्यांची दैना दाखवतातच. पण गावाने आपलीच दोन कर्तबगार माणसे रानात कशी लोटली हेही त्याच शाईने लिहितात.

आता मालिका करणाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. नाव ‘मृगनयनी’, नटी नामांकित, जाहिरातदारांना राजवाडा हवा. कात्री पहिल्यांदा चालेल ती लाखीवर. तिचे नरवरच्या किल्ल्यावरचे साहस तेवढे ठेवतील. नरवरला वेढा पडलेला असताना तटावरून खाली सोडलेला दोर कापून ती नटांचा डाव उधळते, तो प्रसंग. पडद्यावर तो उत्तमच दिसेल. पण गावाने तिला का टाकले हे जर आधी दाखवलेच नाही, तर तिने दोर कापला याला कितीसा अर्थ उरतो? सुलतानाच्या जनानखान्यात सुख भोगण्याचे आमिष तिच्यापुढे आहे. ज्या राज्याच्या समाजाने तिला सून म्हणून नाकारले, त्या राज्याचा किल्ला ती वाचवते. तिच्या मनात त्या वेळी काय आहे, हे दाखवणारी नटी आणि तो क्षण पुरेसा लांबवणारा दिग्दर्शक मिळाला तर मालिकेचे निम्मे काम झाले. पुढे राईच्या गढीचे रक्षण करताना लाखी पडते. निन्नी राणी होते आणि जगते, लाखी गढीवर मरते. हा पक्षपात दैवाचा आहे की माणसांचा, हे कादंबरी वाचकावर सोपवते.

आमच्या शाळेत गुजर, अहीर, जाटव, ब्राह्मण अशा सर्व घरांतली मुले एका बाकावर बसतात आणि एकाच पंक्तीला जेवतात. लग्नाची बोलणी निघाली की तो बाक कुणालाच आठवत नाही. ‘आपल्यात’ या शब्दाचे वर्तुळ आपल्या मराठी घरांतही किती आखूड आहे, हे स्थळे पाहणाऱ्या आयाबापांना सांगायला नको. अशा घरांतून ही मालिका पाहिली जाईल तेव्हा बोधनाचा नकार हा पाचशे वर्षांपूर्वीचा म्हणून पाहता येणार नाही. लाखीला गाळण्याचा मोह होतो तो, आम्हांस शंका आहे, केवळ वेळ पुरत नाही म्हणून नव्हे.

वेळ भरपूर मिळाला म्हणजे न्याय मिळतो असेही नाही. उम्बेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही इटालियन कादंबरी १९८० सालची; काळ १३२७चा, स्थळ डोंगरातला एक मठ. १९८६ साली तिच्यावर दोन तासांचा चित्रपट निघाला तेव्हा कादंबरीतले धर्मवाद फार आटले, अशी तक्रार झाली. २०१९ साली आठ भागांची मालिका झाली. आता तरी मूळ ग्रंथ सावकाश उलगडेल असे वाटावे, तर मालिकेने कादंबरीत नसलेली, सूड घेण्यास निघालेली एक तरुणी घालून काही वेळ तिच्यासाठी खर्चिला. मिळालेला वेळ ग्रंथातल्याच अवघड जागांना देण्याऐवजी नव्या सोप्या जागा तयार केल्या गेल्या. ‘मृगनयनी’च्या बाबतीत ही सोपी जागा कोणती हे आम्ही आजच सांगून ठेवतो : मानसिंहाच्या आधीच्या आठ राण्या. थोरली सुमनमोहिनी, तिचा मत्सर, विषप्रयोगाची कारस्थाने. हे सगळे कादंबरीत आहेच. पण तेवढ्याच धाग्यावर शंभर भाग विणणारे कारागीर आपल्याकडे मुबलक आहेत.

दुसरा मोह सुलतानांचा. कादंबरीतला मांडूचा गियासुद्दीन विलासी आणि काहीसा हास्यास्पद आहे. गुजरातचा महमूद बेगडा अचाट आहारासाठी लक्षात राहतो. पडद्यावर यांचे राक्षस करणे अगदी सोपे, आणि आजच्या वातावरणात खपणारेही. गियासुद्दीनच्या जनानखान्यात पंधरा हजार स्त्रिया असल्याचे फरिश्ता लिहितो, हे खरे. पण त्याच गियासुद्दीनच्या दरबारात ‘निमतनामा’ नावाचा सचित्र पाकग्रंथ सिद्ध होऊ लागला, ज्यात समोशांपासून अत्तरांपर्यंत कृती दिलेल्या आहेत. मांडूचे राजेपण दाखवायचे तर असे दाखवावे : केशर, कापूर, गुलाबपाणी, आणि मध्ये एक कंटाळलेला वृद्ध रसिक, ज्याला राईच्या दोन मुली ही आणखी एक चव वाटते. क्रूर हसण्यापेक्षा ते कितीतरी अधिक भयंकर दिसेल. इंदूर-धारचे आमचे वाचक जहाजमहाल अनेकदा पाहून आले असतील. ही कल्पना त्यांना सहज पटावी.

देखाव्यांची अडचण तुलनेने कमी. मानमंदिराच्या भिंतींवरची निळी कौले, हंस, हत्ती आणि केळी अजून आहेत. १५२८ साली बाबर येथे आला तेव्हा त्यानेही रंगीत फरशांतल्या केळी टिपून ठेवल्या. गुजरी महालात आता पुराणवस्तुसंग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका तेथेच आहे. चित्रीकरणाला महालाची प्रतिकृतीच उभारावी लागेल. ते ठीकच. गाण्याच्या बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. ग्वाल्हेर म्हटले की आपल्या घरांत ख्याल आठवतो, बाळकृष्णबुवा आठवतात. पण ती परंपरा कितीतरी नंतरची. मानसिंहाचा दरबार ध्रुपदाचा. ‘मानकुतूहल’ हा संगीतग्रंथ त्याच्या नावे सांगितला जातो आणि सतराव्या शतकात फकीरुल्लाहने त्याच्या आधारे फारसीत ‘राग दर्पण’ लिहिले. कादंबरीत बैजू गवई गुजरी राणीच्या नावाने राग बांधतो. तिथे वीणा आणि पखवाज हवा. हार्मोनियमचा एक सूर जरी वाजला तरी आमच्यासारखे चिकित्सक म्हातारे पत्रे लिहिण्यास बसतील!

भाषेचे तसेच. निन्नी आणि लाखी संस्कृतप्रचुर हिंदी बोलू लागल्या तर राई गाव तिथेच संपले. वर्माजींनी खडी बोलीत बुंदेली शब्द बेताने पेरले आहेत, ते प्रमाण उत्तम आहे.

आणि इतिहास? माधवराव पेशव्यांवरच्या ‘स्वामी’ची मालिका झाली तेव्हा कादंबरीमागे पत्रे होती, बखरी होत्या, पडताळा घेता येत होता. निन्नीच्या बाबतीत एक महाल, काही रागनामे आणि लोकांच्या तोंडच्या कथा एवढेच हाती आहे. बोधन नावाच्या ब्राह्मणाला सिकंदर लोदीच्या काळात आपल्या धर्ममतासाठी प्राण गमवावे लागल्याची नोंद फारसी तवारिखांत आहे; त्या नावाभोवती वर्माजींनी हा हट्टी, प्रामाणिक, आणि लाखीपुरता निष्ठुर पुजारी उभा केला. त्याला खलनायक करू नये. त्याचा नकार प्रामाणिक आहे, म्हणूनच तो पाहणाराला टोचतो.

मालिका कोठे थांबवावी, यावरही वाद होईल. कादंबरीच्या अखेरीस मृगनयनी आपल्या दोन मुलांचा गादीवरचा हक्क सोडते आणि सवतीच्या मुलाला, विक्रमादित्याला वारस ठरू देते. पुढचा इतिहास भव्य आहे : मानसिंहाचा मृत्यू, ग्वाल्हेर लोदींच्या हाती जाणे, १५२६ साली पानिपतावर विक्रमादित्य पडणे आणि आग्र्यास त्याच्या कुटुंबाने हुमायूनला दिलेला तो प्रख्यात हिरा. कोहिनूर तोच असे पुष्कळजण मानतात, आणि हिऱ्याचे नाव निघाले की निर्मात्याला राहवत नाही. आमचे मत विचाराल तर पानिपत नको आणि हिराही नको. दहा भाग करावेत. त्यांतले चार राईला द्यावेत, दोन नरवरला, उरलेले ग्वाल्हेरला. लाखीचा मृत्यू नवव्यात यावा, आणि मृगनयनीने हक्क सोडण्याचा प्रसंग त्याच्या लगेच पुढे, मध्ये एकही उत्सव वा गाणे न घालता.