घरीं पिलूं येण्यापूर्वीं

मुलांची वार्षिक परीक्षा संपली, म्हणजे अनेक घरांत एक जुना हट्ट नव्यानें डोकें वर काढतो. "आपण कुत्र्याचें पिलूं आणूं या!" हा तो हट्ट होय. आजोबा वर्तमानपत्राआडून हंसतात, आजींच्या कपाळाला आठी पडते, आणि वडील "पाहूं पुढें" असें म्हणून कचेरीस निघून जातात. मग एके दिवशीं काकाच टोपलींतून पिलूं घेऊन येतात आणि प्रश्न सुटला असें सर्वांस वाटतें. वास्तविक तो तेथूनच सुरू होतो.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं असेंच एक पिलूं आलें. तें जेमतेम पांच आठवड्यांचें होतें. इतक्या लौकर आईपासून तोडून आणलें, ही पहिली चूक. घरांत माणसें अकरा. प्रत्येकानें त्याला कौतुकानें कांहीं ना कांहीं भरविलें. कोणीं दूध, कोणीं चकली, कोणीं श्रीखंड. पशुवैद्याकडे नेण्याचें काम मात्र 'कोणी तरी करीलच' या भरंवशावर राहिलें. सहाव्या दिवशीं त्यास रक्ताची हगवण लागली आणि दोन दिवसांत तें गेलें. हा पार्व्हो नांवाचा रोग असून वेळेवर टोचलेल्या लसीनें तो बहुधा टळतो, हें पशुवैद्यांनीं सांगितलें तेव्हां आम्हां थोरांना मुलांच्या तोंडाकडे पाहवेना.

म्हणून पहिली तयारी घराची नव्हे, घरांतील माणसांची. जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. सकाळीं त्याला बाहेर कोणीं न्यावें, खाऊं कोणीं घालावें, पशुवैद्याच्या तारखा कोणीं सांभाळाव्या, हें नांवानिशीं ठरवावें. मुलांनीं मदत करावी. पण जबाबदारी एका मोठ्या माणसाची असावी. वडीलधाऱ्यांचा सोंवळ्याओंवळ्याचा आक्षेपही थट्टेवारी नेऊं नये. स्वयंपाकघराच्या व देवघराच्या दारांना कमरेइतकी फळी किंवा जाळी लावावी; पिलूं थोड्याच दिवसांत आपली हद्द ओळखूं लागतें. दत्तात्रेयांच्या पायांशीं चार श्वान असतात आणि श्वानाला सोडून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें नाकारिलें, याची आठवण आजींना खुशाल द्यावी; पण त्यांचा नियम मोडण्यासाठीं ही साक्ष काढूं नये.

आतां घराकडे वळूं. एकदां स्वतः जमिनीवर रांगून सर्व खोल्या पाहाव्या. पिलाला काय दिसणार तें तेव्हांच कळतें. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, कपाटाखालीं घरंगळलेल्या डांबराच्या गोळ्या, फिनेलची बाटली, उंदराचें औषध, आजोबांच्या गोळ्या, मुलांचीं खोडरबरें, हें सर्व उंचावर ठेवावें. सज्जाच्या गजांतून पिलूं निसटत नाहीं ना, हें पाहावें. मग येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, वारा न लागणारा एक कोपरा निवडून तेथें जुनी गोधडी घालावी व जवळ पाण्याचें जड भांडें ठेवावें. आईजवळचें एखादें फडकें आणतां आलें तर फारच उत्तम. पहिल्या रात्रीं तें रडेल. त्याला अंधारांत एकटें कोंडूं नये. कोणी तरी जवळ निजावें.

पिलूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आणूं नये. पूर्वीं तें जें खात होतें तेंच आरंभीं द्यावें व बदल हळूहळू करावा. लहानपणीं दिवसांतून चार वेळां थोडें थोडें अन्न लागतें. गाईचें दूध पुष्कळ पिलांना बाधतें. निव्वळ वरणभातावर त्याचें पोषण होत नाहीं. घरांत सामिष अन्न शिजत नसेल तर पिलांसाठीं मिळणारें तयार अन्न पशुवैद्यांच्या सल्ल्यानें आणावें. कांदा, लसूण, चॉकोलेट, द्राक्षें व बेदाणे हीं कुत्र्याला विषासमान आहेत. तेव्हां प्रसादाचा शिराही त्याला देऊं नये. त्यांतील बेदाणा आपल्या लक्षांत येत नाहीं.

लसींना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून आरंभ होतो आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळाव्या आठवड्यापर्यंत त्या द्याव्या लागतात. जंताचें औषधही विसरूं नये. लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाला रस्त्यावरील मातींत सोडूं नये. मात्र कडेवर घेऊन बाहेरील माणसें, वाहनें, गोंगाट दाखवावा, कारण पहिल्या तीन-चार महिन्यांत जें ओळखीचें होतें त्याचें भय पुढें राहत नाहीं. झोपेतून उठल्यावर व खाल्ल्यावर ताबडतोब ठरलेल्या जागीं न्यावें. तेथें विधि उरकला तर शाबासकी द्यावी. घरांत घाण केली म्हणून नाक घासणें किंवा मारणें व्यर्थ आहे. त्यानें तें शहाणें होत नाहीं, भित्रें होतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पिसाळरोगाची. सुमारें तीन महिन्यांचें झाल्यावर पिलाला त्याची लस टोचावी व पुढें पशुवैद्य सांगतील तेव्हां ती पुन्हां द्यावी. माणसाला कोणतेंही कुत्रें चावलें किंवा त्यानें ओरबाडलें, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी, हळद, चुना, मिरची कांहीं न लावतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. १८८५ सालीं पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वांचविलें, तेव्हांपासून या रोगावर उपाय आहे. पण तो लक्षणें दिसण्यापूर्वींच. पोटांत टोचावयाच्या चौदा सुयांच्या धास्तीनें मुलें चावा लपवीत. ती जुनी लस आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतां मोजक्याच सुया, त्याही दंडांत. मुलांना हें आधींच सांगून ठेवावें, म्हणजे भीतीनें तीं गप्प राहणार नाहींत.

कुत्रें दहा-बारा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतें. आज हट्ट धरणारा मुलगा तोंवर शिक्षणासाठीं परगांवीं गेलेला असेल, आणि म्हातारें झालेलें तें जनावर बहुधा आजींच्याच पायांशीं बसलेलें असेल. म्हणून आणण्यापूर्वीं आजींना विचारावें. आमच्या घरीं पुढें दोन वर्षांनीं दुसरें पिलूं आलें, तें असें विचारूनच. त्याच्या लसींच्या तारखा आजींनीं स्वतः पंचांगांत लिहून ठेविल्या होत्या.